जपानी कुस्तीची टॅग लीग: नव्या प्रेक्षकाने कशी पाहावी

जपानमधील ऑल जपान प्रो रेसलिंग ही कंपनी दर वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जोड्यांची एक साखळी स्पर्धा भरवते. तिचे पूर्ण जपानी नाव 'सेकाई साइक्यो टॅग केत्तेई लीग-सेन' असे लांबलचक असले, तरी तेथील चाहते तिला थोडक्यात 'साइक्यो टॅग' म्हणतात आणि परदेशी प्रेक्षकांमध्ये ती 'रिअल वर्ल्ड टॅग लीग' या नावाने ओळखली जाते. ज्यांनी आजवर टीव्हीवर केवळ अमेरिकी रेसलिंग पाहिले आहे, त्यांना ही लीग प्रथम पाहताना कोण जिंकले ते कळते, पण त्या जिंकण्याला इतके महत्त्व का, हे कळत नाही. या लेखात ती समजून घेण्याच्या पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत. सगळ्या पायऱ्यांमागे एकच धोरण आहे: येथे एकेकट्या मल्लाकडे न पाहता जोडीकडे पाहावे, आणि एकेका लढतीकडे न पाहता गुणतक्त्याकडे पाहावे.

पहिली पायरी: कोणती लीग पाहायची ते ठरवावे

जपानमध्ये जोड्यांच्या साखळी स्पर्धा अनेक कंपन्या घेतात. न्यू जपान प्रो रेसलिंगची 'वर्ल्ड टॅग लीग' याच सुमारास चालते आणि तिच्या विजेत्यांना बहुधा ४ जानेवारीच्या टोकियो डोममधील मोठ्या कार्यक्रमात अजिंक्यपदासाठी लढण्याची संधी मिळते. नोआ या कंपनीने २००८ मध्ये 'ग्लोबल टॅग लीग' सुरू केली, तर स्टारडम या महिला कुस्तीच्या कंपनीची 'गॉडेसेस ऑफ स्टारडम टॅग लीग' २०११ पासून होते. नवख्याने तरीही ऑल जपानच्या लीगपासून सुरुवात करावी असे माझे ठाम मत आहे. १९७७ पासूनचा सलग इतिहास तिच्यामागे आहे, तिचे स्वरूप सोपे आहे, आणि बाकीच्या लीग जे संकेत गृहीत धरून चालतात त्यांतील बरेचसे येथेच रुजलेले आहेत.

दुसरी पायरी: ही कुस्ती कोणत्या जातीची आहे ते मान्य करावे

प्रो रेसलिंगमध्ये निकाल आधी ठरलेला असतो. तालमीची आणि मैदानी कुस्तीची सवय असलेला मराठी प्रेक्षक याला चटकन 'नुरा कुस्ती' म्हणून मोकळा होतो, परंतु तसे म्हणणे अन्यायाचे आहे. नुरा कुस्तीत मैदानात खरी कुस्ती पाहायला आलेल्या प्रेक्षकाची फसवणूक होते. येथे निकाल ठरवणे हा कलेचाच भाग आहे आणि तो प्रेक्षकालाही ठाऊक असतो. छातीवर बसणारी थाप, मानेवर घेतलेली आपट आणि तीस मिनिटे टिकवावा लागणारा दम यांत मात्र खोटे काही नसते. 'खरे कोण जिंकले असते' हा प्रश्न बाजूला ठेवून 'हा निकाल आज का दिला गेला असेल' असे विचारायला लागलात, की या लीगची निम्मी गोडी हाती आली असे समजावे.

तिसरी पायरी: टॅगचे नियम डोळ्यांना सवयीचे करून घ्यावेत

प्रत्येक जोडीतील एकच मल्ल नियमानुसार रिंगमध्ये लढत असतो आणि दुसरा आपल्या कोपऱ्यात दोरांबाहेर उभा असतो. हाताला हात लागला की अदलाबदल होते. प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे खाली टेकवून पंचाने तीनपर्यंत मोजले, किंवा पेचात सापडलेल्याने शरणागती पत्करली, की लढत संपते. रिंगबाहेर गेलेल्या मल्लाला जपानमध्ये सहसा वीसपर्यंतची मोजणी मिळते, त्यामुळे बाहेरची हाणामारी अमेरिकेतल्यापेक्षा लांबते. पेचात अडकलेल्याचा हात किंवा पाय दोराला लागला, तर पेच सोडावा लागतो.

नव्या प्रेक्षकाने खरे लक्ष द्यायचे ते दोरांबाहेर उभ्या असलेल्या मल्लाकडे. चितपटाची मोजणी सुरू असताना तो आत धावून ती मोडतो. जपानी समालोचनात याला 'कट' म्हणतात आणि पंच हे बऱ्याच अंशी खपवून घेतात. त्यामुळे टॅग लढत जिंकायची तर एकाला पाडताना दुसऱ्याला अडवून धरावेच लागते. चांगल्या लढतीच्या शेवटच्या पाच मिनिटांत जोडीतील एक जण डाव टाकत असतो आणि दुसरा समोरच्या कोपऱ्यातल्याला रिंगबाहेर मिठी मारून रोखत असतो. कॅमेरा पहिल्यावर असला, तरी पुष्कळदा निकाल दुसऱ्याने लावलेला असतो.

आणखी एक गोष्ट कानांनी टिपावी. साखळी लढतींना साधारणतः ३० मिनिटांची मर्यादा असते आणि किती वेळ झाला याची घोषणा निवेदक ठरावीक अंतराने करतो. 'जुप्पुन केइका' म्हणजे दहा मिनिटे झाली, 'निजुप्पुन केइका' म्हणजे वीस आणि 'निजुगोफुन केइका' म्हणजे पंचवीस. ही शेवटची घोषणा झाली की सभागृहात कुजबुज उठते, कारण लढत बरोबरीत सुटण्याची शक्यता आता खरी झालेली असते. जपानी येत नसले तरी हे तीन शब्दप्रयोग पाठ करावेत. त्यांच्यामुळे लढत पाहण्याची पद्धतच बदलते.

चौथी पायरी: गुणतक्ता वाचायला शिकावे

विजयाला २ गुण, बरोबरीला १ आणि पराभवाला शून्य. दोन्ही जोड्या एकाच वेळी रिंगबाहेर मोजल्या गेल्या, तर बहुधा दोघींच्याही पदरी काहीच पडत नाही. जोड्यांची संख्या दर वर्षी सारखी नसते, आणि काही वर्षी दोन गटही पाडले जातात. समजा आठ जोड्यांचा एकच गट आहे. प्रत्येक जोडीला सात लढती, एकूण लढती २८ आणि जास्तीत जास्त गुण १४. शेवटी वरच्या दोन जोड्यांची अंतिम लढत होते. जुन्या काळी अनेक वर्षे अशी वेगळी अंतिम लढत नसे आणि साखळीत सर्वाधिक गुण मिळवणारी जोडी विजेती ठरे. म्हणून त्या वर्षांच्या चित्रफिती पाहताना शेवटच्या दिवसाची लढत सुरू होण्याआधी दोन्ही जोड्यांचे गुण किती होते, हे आधी पाहून घ्यावे. ते ठाऊक नसेल, तर एखादी जोडी बरोबरीवर समाधान का मानते आणि दुसरी शेवटच्या मिनिटात जिवावर उदार होऊन का लढते, याचा उलगडा होत नाही.

जपानी तक्ता चौकोनी असतो. जोड्यांची नावे डाव्या बाजूला उभी आणि वर आडवी लिहिलेली असतात. जिंकलेल्या लढतीच्या घरात पोकळ वर्तुळ, हरलेल्या लढतीच्या घरात भरीव काळे वर्तुळ आणि बरोबरीला त्रिकोण असतो. ही पद्धत सुमोच्या तक्त्यांवरून आलेली आहे. नवख्याने एक वही घेऊन हा तक्ता स्वतः आखावा आणि रोज भरावा. छापील तक्ता पाहण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी पडते, कारण एक घर भरले की त्याच ओळीतील रिकाम्या घरांकडे आपोआप लक्ष जाते आणि पुढच्या आठवड्यात कोणती लढत निर्णायक ठरेल, ते आपले आपल्याला दिसू लागते.

पाचवी पायरी: जोडीची बांधणी आणि 'चीत कोण झाला' हे पाहावे

बहुतेक जोड्यांमध्ये एक मोठा आणि एक धाकटा असतो. मोठा म्हणजे कंपनीचा आघाडीचा मल्ल. धाकटा अजून वर चढतो आहे. जोडी हरते तेव्हा चीत होतो तो सहसा धाकटा, आणि त्यामुळे मोठ्याची पत शाबूत राहते. म्हणून निकालात केवळ जोडीचे नाव वाचून थांबू नये. कोणी कोणाला, कोणत्या डावावर आणि किती मिनिटांनी चीत केले, हे जपानी निकालात नेहमी दिलेले असते. धाकट्याने समोरच्या मोठ्याला चीत केले असेल, तर ती त्या वर्षातील मोठी बातमी असते आणि पुढच्या काही महिन्यांत त्या दोघांची एकेरी लढत होण्याची दाट शक्यता असते. साखळीतील दोन गुणांच्या आड कंपनी पुढच्या वर्षाची बी पेरत असते. एकेरी लढतीत हरवणे परवडणार नाही अशा मल्लाला टॅगमध्ये चीत होऊ देता येते, कारण 'जोडीदार वेळेवर पोहोचला नाही' ही सबब तेथे उपलब्ध असते. टॅग लीगचे सारे कथानक या एका सोयीवर उभे आहे, असे म्हटले तरी चालेल.

सहावी पायरी: जुन्या लढती क्रमाने पाहाव्यात

या पायरीवर सर्वांत अधिक वेळ द्यावा. जुन्या लढती शोधताना मल्लांच्या नावांऐवजी तारीख आणि सभागृह यांवरून शोधाव्यात, कारण त्याच चौघांच्या लढती अनेकदा झालेल्या असतात.

सुरुवात १५ डिसेंबर १९७७ पासून करावी. जायंट बाबा यांनी १९७२ मध्ये ऑल जपानची स्थापना केली होती आणि १९७७ च्या अखेरीस त्यांनी 'ओपन टॅग' नावाने जोड्यांची लीग भरवली. पुढच्याच वर्षी तिला आजचे नाव मिळाले. टोकियोतील कुरामाए कोकुगिकान या सुमोच्या सभागृहात शेवटच्या दिवशी डोरी फंक ज्युनिअर आणि टेरी फंक हे टेक्सासचे भाऊ अब्दुल्ला द बुचर आणि द शीक या जोडीसमोर उभे होते. बुचरने लपवून आणलेला जेवणाचा काटा टेरीच्या उजव्या दंडात खुपसला. रक्तबंबाळ टेरी उपचारासाठी बाहेर गेला आणि थोरला डोरी एकटा दोघांचा मार खात राहिला. मग हाताला पट्टी बांधलेला टेरी परतला आणि डाव्या हाताने ठोसे मारू लागला, तेव्हा सभागृहाने त्याला डोक्यावर घेतले. प्रतिस्पर्धी बाद ठरल्यामुळे फंक बंधू जिंकले. या लढतीत डावपेच फारसे नाहीत, परंतु एक भाऊ संकटात आणि दुसरा त्याच्याकडे पोहोचू शकत नाही, हे टॅग लढतीचे मूळ नाट्य येथे इतके उघडे दिसते, की पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

त्यानंतर १३ डिसेंबर १९८१ ची लढत पाहावी. त्या वर्षी बुचर ऑल जपान सोडून न्यू जपानकडे गेला होता. त्याला उत्तर म्हणून बाबांनी न्यू जपानचा परदेशी मल्लांतील सर्वांत मोठा मोहरा, स्टॅन हॅन्सन, आपल्याकडे वळवला. हॅन्सन त्या संध्याकाळी फंक बंधूंसमोर लढणाऱ्या ब्रूझर ब्रोडी आणि जिमी स्नुका यांच्या बाजूने रिंगपाशी आला आणि रिंगबाहेर टेरी फंकला त्याने आपल्या प्रसिद्ध लॅरिएटने, म्हणजे गळ्यावर मारलेल्या आडव्या हाताच्या तडाख्याने, आडवा केला. डोरी एकटा पडला आणि ब्रोडी-स्नुका यांनी लीग जिंकली. दोन कंपन्यांमधील खऱ्या स्पर्धेचे पडसाद रिंगमध्ये कसे उमटतात, याचा याहून स्पष्ट नमुना नाही.

मधल्या काळातील एक लढत अवश्य पाहावी. १६ डिसेंबर १९८८ रोजी टोकियोतील निप्पॉन बुडोकान सभागृहात हॅन्सन आणि टेरी गॉर्डी यांच्यासमोर गेनिचिरो तेन्र्यू आणि तरुण तोशियाकी कावादा होते. कावादाचा गुडघा निकामी होतो आणि तेन्र्यू एकटा पडतो. वर सांगितलेले मोठ्या-धाकट्याचे नाते येथे नीट पाहता येते. जागतिक टॅग अजिंक्यपद त्याच वर्षी जूनमध्ये दोन जुनी पदे एकत्र करून निर्माण झाले होते. पुढे काही वर्षे लीगपूर्वी ते पद रिकामे केले जाई आणि लीगचे विजेते आपोआप जगज्जेते ठरत. त्यामुळे या काळातील प्रत्येक गुणाला दुप्पट वजन होते.

आता मुख्य कथानक. १९९२ ते १९९७ या सहा वर्षांच्या अंतिम लढती क्रम न बदलता पाहाव्यात. १९९२ च्या शरद ऋतूत कंपनीचा आधारस्तंभ जम्बो त्सुरुता आजारपणामुळे बाजूला झाला. त्याच्या जागी अकिरा ताउए याचा जोडीदार म्हणून जुन अकियामा उतरला, ज्याने जेमतेम तीन महिन्यांपूर्वी, सप्टेंबरमध्ये, पहिली लढत खेळली होती. ही नवखी जोडी अंतिम लढतीत मित्सुहारु मिसावा आणि कावादा यांच्याकडून हरली. मिसावा आणि कावादा हे एकाच शाळेच्या कुस्ती संघात वाढलेले; कावादा एका वर्षाने धाकटा. पुढच्या वर्षी बाबांनी ही जोडी फोडली. कावादा ताउएच्या बाजूला गेला आणि मिसावाने केंता कोबाशीला जोडीदार केले. ३ डिसेंबर १९९३ च्या लढतीत जुने सोबती समोरासमोर आले. कावादाचा दुखरा गुडघा हेच तेथे लक्ष्य झाले आणि मिसावा-कोबाशी जिंकले. गुडघ्यावर घाव बसताच कावादा ज्या रीतीने कोसळतो आणि तरीही जोडीदाराला हात देण्यासाठी सरपटत जातो, ते पाहताना भाषेची गरज उरत नाही.

मिसावा आणि कोबाशी यांनी १९९४ आणि १९९५ मध्येही लीग जिंकली. सलग तीन. मधल्या काळात, ९ जून १९९५ रोजी, लीगबाहेरच्या अजिंक्यपदाच्या लढतीत कावादाने मिसावाला आयुष्यात प्रथमच चीत केले होते. तीही लढत या क्रमात घालावी, कारण तिच्यामुळे लीगमधील पराभव कावादाला अधिक बोचतो. १९९६ मध्ये कोबाशी वेगळा झाला आणि मिसावाच्या बाजूला अकियामा आला. ६ डिसेंबर १९९६ रोजी कावादा आणि ताउए यांनी अखेर लीग जिंकली आणि १९९७ मध्ये ती राखली. सलग पाहिल्यास १९९६ चा शेवट अंगावर येतो. तोच शेवट सुटा पाहिला, तर ती एक उत्तम लढत वाटते, एवढेच. नवख्याला केवळ 'सर्वोत्तम लढती' निवडून दाखवण्याच्या प्रथेला माझा विरोध आहे तो यासाठीच.

सातवी पायरी: चालू वर्षाची लीग पाहण्याची शिस्त

जोड्यांची यादी लीगपूर्वी काही आठवडे जाहीर होते. ती हाती आली की प्रत्येक जोडीसमोर तीन गोष्टी लिहाव्यात: दोघे किती काळ एकत्र आहेत, त्यांच्यात मोठा कोण आणि गेल्या वर्षी त्यांचे काय झाले. केवळ लीगपुरत्या जमवलेल्या जोड्याही असतात. त्या सहसा तळाशी राहतात, पण एखाद्या बलाढ्य जोडीला धक्का देऊन जातात.

कार्यक्रम कंपन्यांच्या ऑनलाइन सेवांवर पाहता येतात. जपानची घड्याळे भारतापेक्षा साडेतीन तास पुढे आहेत. टोकियोत संध्याकाळी साडेसहाला सुरू होणारा कार्यक्रम आपल्याकडे दुपारी तीनला सुरू होतो आणि सुटीच्या दिवशी तेथे सकाळी साडेअकराला सुरू होणारा आपल्याकडे सकाळी आठला. नोकरदार माणसाला शनिवार-रविवारचे कार्यक्रम थेट पाहणे जमते. बाकीचे रात्री पाहावेत आणि तोवर समाजमाध्यमांपासून दूर राहावे, कारण निकाल काही मिनिटांत पसरतात.

सगळेच पाहण्याचा आग्रह धरू नये. लीग गावोगावी फिरत असते आणि एका रात्री लीगच्या मोजक्याच लढती होतात. उरलेल्या लढतींत तीन-तीन मल्लांचे संघ खेळतात. उद्याचे प्रतिस्पर्धी आज अशा संघांतून एकमेकांसमोर येतात आणि एकमेकांना चाचपून पाहतात. वेळ कमी असेल तर या लढती सोडाव्यात. सलामीचा दिवस मात्र चुकवू नये. त्या दिवशी सर्व जोड्या एकत्र रिंगमध्ये उभ्या राहतात, आणि कोण कोणाकडे पाहते व कोण मान फिरवते, यावरूनही पुष्कळ कळते. त्यानंतर टोकियोतील कार्यक्रम आणि शेवटचा आठवडा पाहिला तरी कथानक सुटत नाही.

आठवी पायरी: जपानला जाण्याचा योग आला तर

टोकियोतील कोराकुएन हॉल हे या कुस्तीचे घर. सुइदोबाशी स्थानकावरून चालत जाता येते आणि सभागृह इमारतीच्या पाचव्या मजल्यावर आहे. सुमारे दोन हजारांच्या आतली क्षमता असल्यामुळे कोठेही बसले तरी रिंग जवळ वाटते. पहिल्या खेपेस रिंगला लागून असलेल्या महाग जागांपेक्षा उताराच्या बाजूच्या जागा घ्याव्यात. टॅग लढतीत चारही मल्ल एकाच वेळी दिसणे महत्त्वाचे असते आणि ते उंचीवरूनच दिसते. मल्लाचे नाव पुकारले जाताना चाहते त्याच्या रंगाच्या कागदी फिती रिंगमध्ये फेकतात आणि प्रशिक्षणार्थी मल्ल क्षणार्धात त्या गोळा करून नेतात. हे प्रशिक्षणार्थी नीट पाहून ठेवावेत, कारण काही वर्षांनी त्यांच्यातलाच एखादा लीगमध्ये कोणाचा तरी धाकटा जोडीदार म्हणून उभा असतो. डाव सुरू असताना सभागृह बऱ्याचदा शांत असते. ही उदासीनता समजू नये. लोक बारकाईने पाहत असतात आणि 'कट' होताच तीच माणसे पाय आपटून छत दणाणून सोडतात.

लीगचा निकाल लागला की वही बंद करू नये. विजेती जोडी जगज्जेती नसेल, तर ती सहसा लगेचच अजिंक्यपदासाठी आव्हान देते. शिवाय साखळीत ज्या जगज्जेत्यांना कोणी हरवले असेल, त्या हरवणाऱ्या जोडीलाही पुढे केव्हातरी संधी मिळते. तक्त्यात जगज्जेत्यांच्या ओळीतील काळी वर्तुळे शोधावीत आणि त्यांच्या समोरची नावे लिहून ठेवावीत. नव्या वर्षातल्या पहिल्या काही महिन्यांचे आव्हानवीर त्या यादीतच सापडतात.